उसने हात

“आवाज तं रेडिओतून बी येते, देवाजी! माणूस इथवर चालत येते ते पाहाले!”

त्याचे भजनातले गुरू धनीरामबुवा यांचा हा खर्जातला आवाज देवाजीच्या कानात अजून घुमत असे. तो ऐकला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. बुवा केव्हाच गेले, पण देवाजीचं गाणं आता गळ्यातून कमी आणि बोटांतून जास्त निघे. विरहाची गौळण आली की त्याचा पंजा असा थरथरे, जसा तलावाच्या पाण्यावर वाऱ्याचा शहारा. एकोडी गावच्या बायाबापड्या शब्द ऐकण्याआधीच पदर डोळ्यांना लावत.

घोटाळा झाला तो सायकलवर.

साकोलीची भजनस्पर्धा तोंडावर आली होती आणि भजनमंडळ चालवणाऱ्या मधुकररावांनी बजावलं होतं, “यंदा बक्षीस नाई आलं, तं पुढच्या साली मुख्य गायक चंद्रकुमार.” त्या धास्तीनं देवाजी शेतातून येता-जाताही तालीम करी. त्या संध्याकाळी तलावाच्या पाळीवरून पायडल मारत तो गात होता:

‘दार उघडंच ठेवलं, हरी,
सांज उतरली उंबऱ्यावरी...’

‘हरी’ या शब्दाला दोन्ही हात पसरायचे, ही त्याची रीत. देवाजीनं पसरले. सायकलनं मात्र हरीची वाट पाहिली नाही. ती धन्यासकट पाळीखालच्या धानाच्या बांधीत, भातखाचरात, उतरली.

दोन्ही हात प्लास्टरमध्ये गेले. त्याची बायको उषाबाई त्याला घास भरवता भरवता म्हणाली, “देव म्हणे, मले बोलाऊन राहिला का ढकलून राहिला, ते तं सांग!”

खरी आफत तालमीत कळली. हात छातीशी बांधले गेले तसे सूरही बांधले गेले. वरचा षड्ज उजव्या तर्जनीवर बसलेला, तो सापडेचना. हातांचं काम देवाजीनं भुवया आणि खांद्यांवर सोपवलं. समोर बसलेली शेजारची धुरपता कळवळली.

“भाऊजी, पोटात दुखून राहिलं का जी? ओवा आणू?”

मधुकररावांनी पेटीचा भाता मिटला. “देवाजी, यंदाच गाऊ दे चंद्रकुमारले.”

मंडळातल्याच चंद्रकुमारचा गळा मधाचा. पण गाताना दोन्ही हात पँटच्या खिशात, जणू बस चुकली आहे.

“मले उद्यापर्यंत वेळ द्या जी,” देवाजी म्हणाला. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मधुकररावांना नाही म्हणवेना.

घरी येऊन तो भिंतीला टेकला आणि डोळे मिटून पुटपुटत गाऊ लागला. उषाबाई सुपात तांदूळ निवडत होती. ‘हरी’ आला तसे देवाजीनं डोळे उघडले. सूप खाली होतं आणि उषाबाईचे दोन्ही हात हवेत होते. अगदी जागच्या जागी.

“तुले येते वो?”

“इतके साल समोर बसून पाहून राहिली. येईन नाई तं काय?”

स्पर्धेच्या दिवशी, मधुकररावांच्या संमतीनं, देवाजी मंचावर भली मोठी शाल पांघरून बसला. शालीच्या आत त्याच्या पाठीमागे त्याचाच पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उषाबाई दडली होती. तिचे हात त्याच्या काखेखालून पुढे आले होते. बांगड्यांवरून निघता निघता भांडण झालंच होतं.

“काढ ना वो दोन घटका.”

“हात तुमचे तुटले. माह्या बांगड्या काहून उतरू?”

शेवटी बांगड्या कोपरापर्यंत सरकवून चिंधीनं बांधल्या होत्या.

पहिलं कडवं नीट पार पडलं. दुसऱ्यात देवाजीच्या नाकावर डास बसला. तो नाक मुरडू लागला, ते मानेवरून उषाबाईला कळलं आणि एक हात उठून चापट मारून गेला. पुढच्या रांगेतली एक आजी हुंदका देत म्हणाली, “माय वो, स्वतःलेच मारून घेते बिचारी गवळण!” मग हातांनी त्याच्या कपाळाचा घाम टिपला. सभागृहाला ते आसवं पुसणं वाटलं.

आणि ‘दार उघडंच ठेवलं, हरी’ आलं.

देवाजीनं हात पसरण्याची वाट पाहिली. ते पसरले नाहीत. उजवा हात हळूच दाराच्या दिशेनं निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला, आणि जे समोर नव्हतं त्याला दुखू नये अशा बेतानं बोटं एकेक करून मिटली. पुढची रांग माना पुढं काढून पाहू लागली. देवाजीही पाहतच राहिला आणि पुढचा शब्द विसरला. पेटी थांबली, तबला थांबला. गाणं मात्र चालूच होतं, त्या एका मिटलेल्या मुठीत. त्याच्या गालांवरून खरोखरीच पाणी वाहू लागलं.

ते पुसायला हातांनी शालीचं टोक ओढलं आणि सगळी शाल खाली आली.

प्लास्टर, सदरा, खोवलेला पदर, सगळं उघडं पडलं. कुणीच हसलं नाही. लोक उभे राहिले. परीक्षक शकुंतलाबाईंनी चष्मा पुसून विचारलं, “बाई, हे हात कुठं शिकल्या तुम्ही?”

“ह्यायलेच पाहून जी. अजून कुठं?”

टाळ्यांचा पाऊस पडला. देवाजी काही बोलू पाहतोय हे बघून मधुकरराव पेटीआडून कुजबुजले, “चूप राय आता, देवाजी. तुह्यी जागा बी राह्यली अन् बक्षीस बी आलं.”

देवाजीनं तरीही माइककडे तोंड नेलं.

“खोटं आहे जी ते,” तो म्हणाला. “हिले मी कधी सांगितलं नाई. लग्नाआधी माह्या हाताले काईच येत नव्हतं. ही नवी नवरी होती तवा आपल्या लहानपणची गाय तलावात बुडाली, सांजेले घरी आलीच नाई, असं माह्या मायले सांगून राहिली होती. तवा हिचा हात असाच दाराकडं गेला अन् मधातच थांबला. मी कवाडाआडून पाहिलं. तिथूनच शिकत गेलो सगळं.” त्यानं उषाबाईकडे पाहिलं. “पण तो एक हात मले कधीच जमला नाई वो. म्हणून मी नुसते पसरत होतो.”