तळ्यावरचे रामसर

वाघमारे सरांचे सगळे शर्ट एकाच रंगाचे होते. चिखलाच्या. शाळेत तोच, बाजारात तोच आणि सख्ख्या पुतणीच्या लग्नातही तोच. त्या लग्नात वरपक्षाच्या एका पाहुण्यानं त्यांना मांडववाला समजून खुर्च्या आणायला सांगितलं. सरांनी आणून दिल्या.

मी एकदा विचारलं, "सर, एखादा पांढरा शर्ट घ्या की."

"पांढऱ्याले राजहंस बिचकते, शेठ. अन् शाळा सुटली का मी सीधा तळ्यावर. कपडे बदलाले घरी कोन जाते?"

महाराष्ट्राची हद्द ओलांडली की तेलुगू मुलखात, मुधोळच्या अलीकडे आमचं गाव. गावाखाली तळं आणि तळ्याच्या बांधाला लागून माझं किराणा दुकान, मागं घर. वाघमारे सर शाळेत विज्ञान शिकवायचे आणि आमच्याच गल्लीत एकटे राहायचे. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दर हिवाळ्यात तळ्यावर राजहंस उतरत. चित्रातले पांढरे नव्हेत, राखी रंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. गावाच्या लेखी ती बदकं होती आणि हा शब्द कानावर पडला की सरांचं डोकं फिरायचं.

"बदक म्हनू नका! तिबेटातून हिमालय वलांडून येते ते. तुमी निर्मलचा घाट वलांडला तर घरी येऊन पाय चेपून घेता."

तळ्याशी संबंध असलेली कुठलीही गोष्ट सरांच्या मते एकच असायची: "आंतरराष्ट्रीय मामला हाय!" म्हैस पाण्यात उतरली, आंतरराष्ट्रीय मामला. बांधावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, आंतरराष्ट्रीय मामला. माझी बायको एकदा गोधडी धुवायला गेली, तर तिला घाटावरून परत पाठवलं. "वयनी, साबनाचं पानी दुनियेच्या तळ्यात सोडू नका." तिनं घरी येऊन भिजलेली गोधडी माझ्यापुढे आपटली.

या मामल्याचं मूळ सर सगळ्यांना समजावून सांगत. इराणात रामसर नावाचं गाव आहे. तिथं बऱ्याच देशांनी मिळून करार केला की काही पाणथळ जागा एकट्या गावाच्या नसतात, साऱ्या जगाच्या असतात. तिथं दूरदेशीचे पक्षी येतात, पाणी गाळून निघतं, आजूबाजूच्या विहिरी जित्या राहतात. आपलं तळंही त्या मानाचं आहे, फक्त अजून कोणी बघितलेलं नाही.

एवढ्या व्याख्यानातून गावानं एकच शब्द उचलला. शाळेत गंगाधर सर होते, राजन्ना सर होते, तसे हे राम सर असणार. दोनेक वर्षांत वाघमारे हे आडनावच बुडालं.

"अरे, माहं नाव गौतम हाय!" सर ओरडायचे.

"हो, रामसर," लोक म्हणायचे.

या नावानं एकदा तळं वाचवलं. संक्रांत झाली आणि गाळ काढायचा हुकूम निघाला. खोदायचं मशीन बांधावर येऊन उभं राहिलं. तळं राजहंसांनी भरलेलं. सर मला घेऊन मंडल ऑफिसात गेले, कारण माझं तेलुगू दुकानदारीनं बरं झालेलं. पण आत गेल्यावर त्यांना धीर धरवला नाही. नवे एमआरओ, म्हणजे तहसीलदार साहेब, आंध्रच्या किनाऱ्याकडचे, फक्त तेलुगू बोलणारे. सर एकदम पुढं झाले.

"सार, इदि रामसर चेरुवु!" म्हणजे हे रामसर तळं आहे.

साहेब चपापले. कारकुनाकडे वळून विचारलं, "रामसर एवरु?" कोण हा रामसर?

कारकून आमच्याच भागातला. त्यानं सरांकडे बोट दाखवलं. "ईयने, सार." हेच की.

साहेबांचा समज झाला की तळं खाजगी मालकीचं आहे आणि मालक तक्रार घेऊन आलाय. सरांनी तोंड उघडलं तसा मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला. मालकीची शहानिशा होईपर्यंत काम बंद, असं साहेबांनी सांगितलं. शहानिशा सरकारी होती. ती संपेपर्यंत उन्हाळा लागला आणि सरांना हवं होतं तसं, पक्षी गेल्यावरच गाळ निघायचं ठरलं.

परतताना सर खट्टू होते. "लबाडी झाली, शेठ."

"राजहंसांना नका सांगू," मी म्हटलं.

त्या फाल्गुनात थवा उडाला, पण एक मादी मागं राहिली. मासे धरायच्या जाळ्यात अडकून तिच्या एका पंखाची पिसं तुटली होती. सरांनी गळ्याइतक्या पाण्यात शिरून जाळं कापलं. "हाड शाबूत हाय. पावसाळ्यात जुनी पिसं झडन, नवी येईन. तवर राहू द्या इथं."

मशीन आलं तेव्हा सर त्याच्यापुढं हात पसरून उभे राहिले आणि दुसऱ्या टोकानं खोदायला लावलं. सुट्टीभर ते उन्हात काठी घेऊन उरलेल्या डबक्यापाशी बसले, कुत्री हाकलत. उभ्या गावाला पक्ष्यांपासून लांब ठेवणारा हा माणूस त्या मादीपासून हातभर अंतरावर.

एका दुपारी मी त्यांच्यासाठी ताकाचा लोटा घेऊन गेलो. त्यांची पाठ माझ्याकडे होती. ते बोलत होते.

"मस्कतात इथल्यापरीस ऊन हाय म्हनते मिलिंद. जेवत असन का येळेवर?"

मिलिंद त्यांचा मुलगा. त्याचा फोन माझ्याच दुकानात यायचा. सर रिसीव्हर धरून सांगायचे, "पानी बरं हाय. पक्षी आले. ठेवतो." बाकी काही नाही. मला वाटायचं, माणूस कोरडा आहे.

"त्याची माय असती तर तिनं इचारलं असतं, कवा येतो म्हून," ते पक्षिणीला सांगत होते. "मले इचारता येत न्हाई. इचारलं अन् न्हाई म्हनला तर?"

मी लोटा बांधावर ठेवून मागं फिरलो.

पावसाळ्यात नवी पिसं आली. थंडीत थवा उतरला आणि ती त्यात मिसळून गेली. कोणती आपली, ते सरांनाही ओळखू येईना. पुन्हा फाल्गुनात थवा उठला. त्या संध्याकाळी सर तळ्याला पूर्ण वळसा घालून आले, कोणी मागं राहिलंय का ते बघत. मी दुकानात दिवा लावत होतो.

"गेली?" मी विचारलं.

"गेली. पंख धड झाल्यावर जाईनच ना."

"मग बरं झालं की."

"बरं तर झालंच." ते दुकानाच्या पायरीवर टेकले. म्हणाले, "शेठ, वयनीले चहा टाकाले सांगता का? घरी जाऊन तरी काय करू?"

बायकोनं आतून ऐकलं होतं. "निस्ता चहा काऊन? जेवूनच जा म्हना त्याईले."

सरांनी चपला काढल्या आणि ते आत आले.