शेवंता खारीचा चाळीस पानांचा अर्ज

एका जंगलात सगळ्यांचे लक्ष जागेवर होते. वाघाचे हरणावर होते, हरणाचे वाघावर होते, आणि साळुंकीचे शेजारच्या घरट्यात काय चालले आहे त्यावर होते. फक्त शेवंता खारीचे लक्ष कुठे असते, ते कुणालाच कळत नसे. तिला तर नाहीच नाही.

बाळांनो, शेवंता वाईट नव्हती हं. तीन पिल्लांची आई होती, कष्टाळू होती. पण जांभळाची बी पुरायला निघाली की वाटेत तिला चिंच दिसे. चिंचेवर चढली की मुंगळ्यांची रांग दिसे. मुंगळ्यांच्या मागे गेली की आपण निघालो होतो कशाला, ते आठवत ती तिथेच बसून राही. बी तोंडातच असे.

कधी कधी ती या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारी, आणि उडी अर्धी झाली की मनात दुसरेच काही येई. मग ती धप्पकन खाली.

"पडली गं बाई शेवंता!" म्हणून सगळे हसत. शेवंताही हसे, आणि कुणी बघत नाही असे पाहून कंबर चोळी.

एकदा त्या जंगलातल्या घुबडांनी मोठा अभ्यास केला. चार पावसाळे झाडावर बसून मोजदाद केली आणि एका तिन्हीसांजेला सगळ्यांना जमवून सांगितले, "ज्यांचे लक्ष ठरत नाही, ते आळशी नसतात. त्यांच्या मनाची घडणच तशी असते. पण ते जास्त पडतात, वेळेवर जेवत नाहीत, नीट झोपत नाहीत, आणि पुष्कळदा इतरांच्या आधी जातात."

"कुठे जातात?" शेवंताने विचारले. तिचे मधले थोडे ऐकायचे राहिले होते.

"वर जातात, वर!" शेजारची गोदाक्का साळुंकी म्हणाली. "ऐकत जा की जरा नीट!"

यंदा शेवंता दोनदा पडली होती, त्यातली एक वेळ तर दगडावर. पिल्लांचे डोळे आत्ताशी उघडले होते. त्या दिवशी घरी जाताना तिने फांदी घट्ट धरली होती.

घुबडांनी आणखीही एक सांगितले होते. यावर एक मुळी आहे. ती चघळली की मन उडीच्या शेवटपर्यंत उडीतच राहते. पण तिने छाती धडधडते, भूक मरते, म्हणून नाडी बघूनच द्यायची.

म्हातारे वानर हे ऐकून खो खो हसले. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं! आम्ही चार भाऊ. एकालाही मुळी लागली नाही."

"बाकीचे तिघे कुठे असतात, आजोबा?" शेवंताने विचारले.

"ते होय? ते लहानपणीच पडून गेले. वेंधळे होते."

आता नाडी बघणार कोण? तर डोहावरचे बगळेशास्त्री. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका पायावर उभे राहत आणि पापणीसुद्धा हलवत नसत. लक्ष म्हणजे काय हे ज्याला कळते, त्यानेच नियम करावेत, असे सगळ्यांना वाटले. म्हणून नियम त्यांनीच केले.

पहिला नियम, काठावरच्या कासवाकडून नंबराचे पान घ्यायचे आणि शांत बसायचे. कासव हाक एकदाच मारणार, तीही हळू. दुसरा नियम, चाळीस पानांचा अर्ज भरायचा. जन्मापासून आपण काय काय विसरलो, ते एकही न विसरता लिहायचे.

शेवंता पहिल्या खेपेला सूर्य उगवायच्या आत हजर झाली. पाचवा नंबर मिळाला. तिसऱ्या नंबरापर्यंत ती शेपटीवर बसून राहिली. मग एक निळा चतुर उडत आला.

ती परत आली तेव्हा सातवा नंबर चालू होता.

"अहो कासवभाऊ, एवढीश्शी गेले होते!"

"नंबर गेला. पुढच्या अमावास्येला या."

"अहो, मला हाच तर त्रास आहे ना!"

"त्रास शास्त्रीबुवांना सांगायचा," कासव म्हणाले. "मी नंबर बघतो."

पुढची अमावास्या शेवंताला तीन दिवसांनी आठवली.

मग मात्र गोदाक्काने पदर खोचला. "आता मी बसते तुझ्या डोक्यावर. बघू कशी भरत नाहीस अर्ज!"

ती खरोखरच बसली. शेवंताची नजर पानावरून ढळली की गोदाक्का तिच्या शेपटीला टोचा मारी. दहाव्या पानाला शेपटीचे केस गेले. बाविसावे पान शेवंताने पिल्लांच्या अंगाखाली अंथरले होते, ते पुन्हा लिहावे लागले. दोन दिवस तिच्या पोटात दाणा नव्हता. पण चाळीसच्या चाळीस पाने झाली, आणि अमावास्येला ती नंबराच्याही आधी डोहावर होती.

तिच्या पुढे मगर होती.

"शास्त्रीबुवा," मगर म्हणाली, "अलीकडे मला फार अस्वस्थ वाटतं. दोन दिवसांत एकदा तरी कूस बदलावीशी वाटते."

बगळेशास्त्रींनी तिचा अर्ज पाहिला. एवढीशी खाडाखोड नव्हती. "वा! किती सविस्तर! रुग्णाने असं असावं." आणि त्यांनी तिला मुळ्यांची अख्खी जुडी दिली.

मग शेवंताची पाळी आली. तिने चारही पाय जमिनीत रोवले होते.

"वेळेवर आलात," शास्त्रीबुवा म्हणाले.

"हो."

"चाळीसही पाने भरलीत."

"हो, शास्त्रीबुवा!" शेवंताला वाटले, आपले कौतुकच होते आहे.

शास्त्रीबुवांनी मान आत ओढली. "मग तुम्हाला झालंय काय? लक्ष लागत नसतं, तर हे जमलं असतं का?"

"अहो, मी टोचून टोचून करून घेतलंय!" गोदाक्का ओरडली. "तिची शेपटी बघा, शेपटी!"

"शेपटीची रांग पलीकडे."

शेवंताने हळूच विचारले, "आणि पाने भरता आली नसती तर?"

"तर अर्ज अपुरा. अपुरा अर्ज मी बघत नाही."

"मग ती मुळी आमच्यासारख्यांना मिळते कधी?"

बगळेशास्त्रींनी नजर पाण्याकडे वळवली. "यंदाची संपली," ते म्हणाले.

शेवंता घरी निघाली. अर्जुनाच्या फांदीवरून उंबरावर जायची उडी तिने हजार वेळा मारलेली होती. तिने उडी मारली. उडी अर्धी झाली आणि शास्त्रीबुवांना द्यायचे चोख उत्तर तिला सुचले.

ती खडकावर पडली. मागचा पाय मोडला. या वेळी कुणी हसले नाही.

गोदाक्काने तिला कसेबसे ओढत उंबराच्या मुळाशी आणले आणि खाली पाने अंथरली. पिल्ले वर ढोलीत होती, शेवंता खाली. तिला चढता येईना, त्यांना उतरता येईना. गोदाक्का वर घास नेई, खाली घास आणी आणि दिवसभर बडबडे. शेवंता पडल्या पडल्या वर बघे. ढोलीच्या तोंडाशी तीन डोकी दिसत. त्यांच्यावरून तिची नजर हलत नसे.

बाराव्या दिवशी बगळेशास्त्री फेरीवर आले. बरोबर कासव होते. कासव आदल्या दिवशीच निघाले होते.

शास्त्रीबुवांनी शेवंताला नीट पाहिले. "किती दिवस झाले अशा पडून आहात?"

"बारा."

"एकाच जागी?"

"जाणार कुठे?" शेवंता म्हणाली. नजर वरच होती.

"वा! वा! काय ही स्थिरता! लिहून घ्या कासवराव, शेवंता खार पूर्ण बरी झाली. तीही मुळीशिवाय."

"अहो, आजारच नाही म्हणाला होतात ना?" गोदाक्का म्हणाली.

"नव्हताच," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणि आता तर तो बराही झाला."

कासव सावकाश लिहू लागले. तेवढ्यात वर एक पिवळे फुलपाखरू आले. मधल्या पिल्लाने त्याच्याकडे पाहिले आणि एक पाय ढोलीबाहेर टाकला.

"गोदाक्का!" शेवंता किंचाळली.

गोदाक्का बाणासारखी वर गेली आणि तिने पिल्लाला चोचीने आत ढकलले. शेवंता तीन पायांवर उठू पाहत होती आणि पुन्हा पुन्हा पडत होती.

कासवाने लिहिणे थांबवले. मान वर करून त्याने पिल्लाकडे बघितले, मग शेवंताकडे.

"बाई," ते अगदी आपुलकीने म्हणाले, "याचा अर्ज आत्ताच करून ठेवा. नंबर यायला वेळ लागतो."

तात्पर्य: ज्याचे लक्ष लागत नाही, त्याने ते सिद्ध करण्याकडे नीट लक्ष द्यावे. आणि लवकर बरे व्हायचे असेल, तर आधी पाय मोडून घ्यावा.