मोकळ्या मैदानाची हकीकत

श्री गडदेवतेस दंडवत. शके चौदाशे ब्याण्णव, प्रमोदनाम संवत्सरी, एका राज्यी मुख्य गडाचा तट उतरविला, ते समयी जे जाहले ते येणेप्रमाणे.

पूर्वी त्या डोंगरी काट्यांचे कुंपण होते आणि चोरास तितके पुरे होते. मग शत्रू हत्ती घेऊन आले, तेव्हा दगडी तट जाहला आणि दरवाजास अणकुचीदार खिळे बसले. मग शिड्या आल्या, तेव्हा तट उंच केला. आणि जो राजा गादीवर बसे तो आपल्या नावाचा एक थर तटावर चढवी, ऐसा रिवाज पडला. मग तोफ आली. शेजारचे राज्यी असाच उंच तट एका सकाळी कोसळला आणि आतील माणसे त्याच दगडांखाली गेली, हे वर्तमान येताच महाराजांनी किल्लेदार नागोजी नाईक काळोखे यांस पाचारिले.

नाईकांचे कुटुंब लाडूबाई आदले वर्षी तापाने गेली होती. नाईक बोलून दाखवीत नसत, पण जेवणास दोन पाने मांडीत आणि मग एक आपणच उचलून ठेवीत. तटासमोर, जिथे तिला अग्नी दिला, तिथे त्यांनी छातीइतके चिरेबंदी वृंदावन बांधिले होते आणि रोज सांजेस तिथे जाऊन बसत.

नाईक म्हणाले, "महाराज, उंची आता कामाची नाही. तट बुटका हवा, जाड हवा, पाठीशी मातीची भर हवी. वरचे थर उतरवावे लागतील."

"आमच्या वडिलांचा, आबासाहेबांचाही?"

"त्यांचाही. आणि समोर मैदान साफ हवे. शत्रूस आडोसा म्हणून काही ठेवू नये."

महाराजांनी जड मनाने मान डोलाविली. मग थर उतरले आणि बुरूज गोल जाहले आणि समोरची आमराई तोडिली आणि कुंभारांची आळी मोडून गडावर आणिली. वृंदावन तेवढे राहिले. म्हाळसा कुंभारीण डोईवर मडकी घेऊन दरवाजाशी थांबली आणि सर्वांदेखत म्हणाली, "नाईक, आमच्या चुली तेवढ्या आडोसा व्हय? आनि आईसाहेबांच्या वृंदावनाचं काय?"

"एवढ्याशा दगडाआड कोण लपेल, म्हाळसे?" नाईक म्हणाले आणि तिच्याकडे न बघता आत गेले.

मग शत्रू आला. सकाळचे धुके विरले तो वृंदावनाआड मातीच्या टोपल्या रचून त्यांनी तोफ बसविली होती. गडावरचे हलके गोळे चिऱ्यांवर आपटून उसळत, आणि त्यांचा पहिलाच गोळा बुरुजावर पडला, तिथे म्हाळसेचा दादला भर घालीत होता, तो जागीच ठार जाहला.

इमाम गोलंदाज थोरल्या तोफेचे तोंड फिरवून उभा राहिला. "नाईक, नेम धरलाय. पण हुकूम तुमचा हवा."

"बत्ती इकडे आण."

"तुम्ही नका देऊ, नाईक."

"आण म्हणतो ना!"

नाईकांनी स्वहस्ते बत्ती दिली. वृंदावन गेले आणि मागची तोफही गेली, आणि चार रोजांनी शत्रू उठून गेला. महाराज म्हणाले, "नाईक, वृंदावन सरकारातून पुन्हा बांधू." नाईक म्हणाले, "नको. मी आपणाकडून वडिलांचा थर मागितला, कुंभारांकडून घरे मागितली, आणि माझे ठेवून घेतले. त्यापायी माणूस गेला."

मग ते कुंभारांच्या नव्या आळीत गेले आणि म्हाळसेच्या दारी उभे राहिले. लोक म्हणाले, आता ही शिव्या घालील.

"आईसाहेब गेल्या तवा आमची आळी दुखवट्याला तुमच्या दारी बसली व्हती," म्हाळसा म्हणाली. "आता तुमी बसा."

नाईक पागोटे उतरवून भुईवर बसले.

गड राहिला. मैदान मोकळे राहिले. तटावर थर चढविण्याचा रिवाज तेव्हापासून मोडला. हकीकत इतकीच.