उभ्या जीपमधला रेडिओ आणि लोकांचा हातभार

लोकांपर्यंत ज्ञान पोचवायचे तर वाहन पाहिजे, आणि वाहन उभे राहिल्याखेरीज ज्ञान नीट ऐकू येत नाही. ही अडचण आमच्या भागात प्रथम मुरुम गावी ध्यानात आली.

मुरुमचे बागाईतदार आण्णासाहेब यांनी बासष्ट साली जीप घेतली आणि तीत रेडिओ बसवला. आठवडी बाजारात जीप उभी करून ते लोकांना रेडिओ ऐकवत. (लोकांची तशी मागणी नव्हती, पण उपकाराला मागणी लागत नाही.) बॅटरी मात्र दर बाजारी बसायची. इंजिन चालू ठेवले तर ती टिके, पण मग नुसते इंजिनच ऐकू येई.

आण्णासाहेबांनी तोड काढली. लोकांनी जीप ढकलावी; चाके फिरतील, बॅटरी भरेल, आवाजही होणार नाही.

"मालक, अशानं बॅटरी भरत न्हाय," ड्रायव्हर सिदू म्हणाला.

"तू कधी ढकलून बघितलास का?"

सिदू खाली उतरून ढकलू लागला.

योजना उत्तम चालली. आण्णासाहेब आत बसून ऐकत. ढकलणाऱ्यांना स्वतःच्या धापेपलीकडे काही ऐकू येत नसे, म्हणून फेरी संपली की आण्णासाहेब सारांश सांगत, "देश पुढं चाललाय." लोकांनाही खांद्यात तसे जाणवे.

एका बाजारी बांगड्या विकणारी गंगम्मा धावत आली. हैदराबादला दिलेली तिची लेक नीलम्मा त्या दिवशी रेडिओवर गाणार होती.

"ढकला गंगम्मा, म्हंजे ऐकाय मिळंल," आण्णासाहेब म्हणाले.

तिने पदर खोचला. गाणे सुरू झाले, पण तिला एक अक्षर कळेना.

"थांबा की वो जरा! माझी लेक गातीय!" म्हणत तिने हात काढले. मग सगळ्यांनीच काढले. जीप थांबली, आणि नीलम्मा स्वच्छ ऐकू आली, शेवटच्या ओळीपर्यंत. गंगम्मा कापडी टपाला कान लावून रडत होती. सिदूनेही डोळे पुसले. बॅटरी बसली ती त्यानंतर.

पुढच्या बाजारी आण्णासाहेबांनी खुलासा केला, की गाणे वाजले ते आधीच्या ढकलण्याच्या पुण्याईवर.

"व्हय, व्हय," म्हणत लोक जीपमागे उभे राहिले. गंगम्मा सगळ्यांत पुढे होती. नीलम्मा पुन्हा गाणार होती.

वाचकांना हसू आले असेल तर खुशाल हसावे. फक्त हसताना हात काढू नयेत. भार शेजाऱ्यावर येतो.