पंखा थांबेपर्यंत

यंत्र म्हणजे सून नव्हे. त्याला एकदा नीट बजावले की ते ऐकते, असे माझे ठाम मत होते.

आमच्या मोटारहोममधल्या, म्हणजे चाकांवरच्या घरातल्या, हीटरच्या बाबतीत तर मला कोणी शिकवण्याची सोयच नव्हती! हा हीटर डिझेलवर चालतो, विजेवर चालतो, आंघोळीचे पाणी तापवतो आणि भिंतीच्या कडेच्या नळ्यांतून गरम पाणी खेळवून सारी गाडी उबदार ठेवतो. इतकी कामे विनातक्रार करणारा घरात दुसरा कोणी नाही.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी ही गाडी हौसेने घेतली. तोवर आमच्या घरात पहिले गरम पाणी सासऱ्यांचे, मग ह्यांचे, मग मुलांचे. माझी पाळी येईतो पाण्याने मान टाकलेली असे. गाडीत मात्र हे माझ्या आधी उठत, हीटर लावत, बादली भरत आणि हाक मारत, "पाणी काढलंय गं! निवायच्या आत ये!" मग हीटर बंद करून, चहाचा पेला घेऊन न्हाणीच्या दाराशी बाकावर बसत. मी आतून विचारी, "काय करताय हो?" उत्तर ठरलेले. "काही नाही, बसलोय."

माझ्यासाठी कोणी नुसते बसून राहावे, ही चैन मला दुसरीकडे कोठेही लाभली नाही.

हे गेले आणि गाडी अंगणात धूळ खात उभी राहिली. एके दिवशी मुलगा म्हणाला, "आई, विकून टाकू. हीटरसुद्धा चालत नसेल आता."

"चालत नसेल? एक सहल काढ. गार पाण्याने आंघोळ करायची वेळ आली, तर खुशाल वीक! मी हूं की चूं करणार नाही."

माझ्या तोंडून "हूं की चूं नाही" हे शब्द ऐकून सूनबाईंना ठसका लागला.

निघण्यापूर्वी मी जातीने तपासणी केली. नळ्यांत खेळणारे, न गोठणारे गुलाबी पाणी त्याच्या डबीवरच्या खुणेपर्यंत होते. धूर बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी कोळ्याने संसार थाटला होता. तो मुलाकडून उठवला. डिझेलची टाकी भरून घेतली, कारण ती पाव हिश्शाच्या खाली गेली की हा हीटर आपणहून उपाशी राहतो आणि उरलेले डिझेल गाडीला घरी परतण्यासाठी ठेवतो. असा समंजसपणा माणसांत दुर्मीळ!

संध्याकाळी तळ्याकाठच्या तळावर पोहोचलो. तेथे गाड्यांना वीज मिळते. मुलाने विचारले, "वीज लावू की डिझेल?"

"दोन्ही! दावणीला दोन बैल असताना एकालाच का जुंपायचं?"

त्याने दोन्ही जुंपले. सूनबाईंनी त्याच वेळी चहाची विजेची किटली लावली. खट्! आमची गाडी अंधारात, शेजारची अंधारात, सबंध रांगच अंधारात! शेजारचे दाढीवाले गृहस्थ हातात तवा घेऊन धावत आले. मागोमाग तळाचा व्यवस्थापक.

"आजी, ही वीज सगळ्या रांगेला मिळून आहे हो!"

"मग पाहुण्यांना बोलावण्यापूर्वी थोडी जास्त मागवायची!" मी सुनावले. परंतु त्यानंतर आमच्या वाट्याला एकटे डिझेलच आले.

त्याने बिचाऱ्याने कमाल केली. पंपाची टिक्‌टिक् सुरू झाली, आत स्टोव्हसारखा आवाज घुमू लागला आणि हां हां म्हणता गाडी उबदार झाली. निजण्यापूर्वी मी हीटर बंद केला. पण आतली घरघर काही थांबेना! बंद केला तरी चालूच? गीझर बंद करायला विसरणाऱ्यांना मी आयुष्यभर धारेवर धरले आहे. असला उद्दामपणा मी खपवून घेणार? बाकाखाली गाडीतली सगळी वीज तोडणारी लाल चावी असते, ती खस्सकन फिरवली. हीटर चिडीचूप! चावी पूर्ववत करून मी समाधानाने पांघरूण घेतले.

सकाळी हीटरवर लाल दिवा लुकलुकत होता. टिक्‌टिक् नाही, ऊब नाही, काही नाही.

मग सुरू झाली शोधमोहीम, अर्थात माझ्या आधिपत्याखाली! मुलाला गाडीखाली धाडले. "कोळी परत आला आहे का ते बघ!" गुलाबी पाणी तपासले, टाकीचा काटा तपासला. दाढीवाले गृहस्थ म्हणाले, "नळ्यांत हवा अडकली असणार," आणि उत्साहाच्या भरात त्यांनी हवा सोडण्याचा स्क्रू जरा जास्तच सैल केला. फिस्स! दाढी गुलाबी! कालचा अंधार आणि आजचा रंग, दोन्हींचा उल्लेख न करता ते तसेच निघून गेले.

"बस्स झालं!" मुलगा गाडीखालून बाहेर येत ओरडला. "परत गेल्याबरोबर जाहिरात देतो!"

मी हूं की चूं केले नाही. शब्द दिला होता. फक्त न्हाणीच्या दाराशी त्या बाकावर जाऊन बसले.

सूनबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आधी त्या काकांना टॉवेल नेऊन द्या." तो गेल्यावर त्यांनी हीटरचे बटण बराच वेळ दाबून धरले. लाल दिवा विझला. टिक्... टिक्... टिक्!

"काय केलंस गं?"

"काही नाही, आई. काल लाल चावी फिरवलीत ना, मी बघितलं. हीटर बंद केल्यावर आतला पंखा त्याला निववत असतो. मध्येच वीज तोडली की रुसतो तो. बाबांनी शिकवलं होतं मला. पंखा थांबेपर्यंत ते इथेच बसायचे."

पंखा थांबेपर्यंत! वाचकहो, इतकी वर्षे मी उराशी जपलेली ती चैन पंख्याची होती तर!

मुलगा परतला. "चालू झाला? काय होतं?"

"हवाच अडकली होती," सूनबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

"मग राहू दे गाडी," तो पुटपुटला.

मला मात्र आनंद होईना. तेवढ्यात हाक आली, "आई, पाणी काढलंय! निवायच्या आत या!"

मी आत गेले. बाहेर सूनबाईंनी हीटर बंद केला, पंखा घरघरू लागला. पहिले दोन तांबे अंगावर घेतले नाहीत तोच तो थांबलासुद्धा! मी तांबा हातात धरून तशीच उभी राहिले. कारण आंघोळ आणि वेणीफणी आटोपून त्या कपाटाएवढ्या न्हाणीतून बाहेर पडायला मला अर्धा तास लागतो. आणि हे तर रोज, मी दार उघडीपर्यंत, तेथेच बसलेले असत. चहा संपलेला, पेला हातात.

डोळ्यांत साबण गेला. साबण अजून लावायचा होता, ही गोष्ट निराळी.

केव्हातरी दार उघडले. सूनबाई बाकावर.

"पंखा केव्हाच थांबला की! मग काय करते आहेस?"

"काही नाही, बसलेय."

यंत्र म्हणजे सून नव्हे, हे मी आरंभीच सांगितले होते. उगाच नव्हे!