सरपंचबाई खुर्चीवर बसत नाहीत

आमच्या सरपंचबाई खुर्चीवर बसत नाहीत. ग्रामपंचायतीत त्यांच्यासाठी गोल फिरणारी, गादीवाली, पाठीला पांढरा टॉवेल घातलेली खुर्ची आहे. त्या टॉवेलाची घडी कधी मोडली नाही. शिपाई वामन तो झटकतो आणि पुन्हा तसाच घालतो.

मी या गावचा ग्रामसेवक. मूळचा वरोऱ्याचा, आणि देहाने निवांत बसून काम करण्यासाठीच घडवलेला. बदली झाली तेव्हा गावाला तलाव आहे, सावली आहे, काम बेताचं आहे असं ऐकून खूश झालो होतो. सरपंचबाईंबद्दल कुणी काही बोललं नाही.

यमुनाबाई पचारे ढिवरांच्या घरातल्या, तलावात जाळं ओढत म्हाताऱ्या व्हायला आलेल्या. अंगाने काडी, पायात रबरी चप्पल. कुणीही तक्रार घेऊन आलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या पायरी उतरलेल्या असतात. "चाला, पाहून येऊ." नळाला पाणी नाही, नाली तुंबली, खांबावरचा दिवा गेला, सगळ्याला हेच. एकाने बाळाच्या जन्माचा दाखला मागितला, तर त्याचं बाळ पाहून आल्या. अर्ज मी बाळाच्या आजोबांच्या पाठीवर कागद ठेवून लिहून घेतला. तेव्हापासून शिक्का आणि शाईची डबी मी पँटच्या खिशात ठेवतो. माझ्या सगळ्या पँटींना जांभळे डाग आहेत आणि बायको त्याबद्दल यमुनाबाईंना नव्हे, मला बोलते.

मासिक सभा तरी बसून व्हावी की नाही? नाही. पहिला विषय अंगणवाडीचा, म्हणून सभा अंगणवाडीत. दुसरा हातपंपाचा, म्हणून सगळे हातपंपावर. ठराव मांडणारा नालीच्या अलीकडे, अनुमोदन देणारा दम खात पलीकडे, आणि मधे मी इतिवृत्त लिहीत उभा. मार्कंड्याच्या यात्रेला गेल्या, तिथेही दर्शनाच्या रांगेतून निघून भाविकांच्या नळाला धार का नाही ते बघत बसल्या, म्हणजे बघत फिरल्या. दर्शन राहूनच गेलं.

"बाई, घडीभर टेका ना जी," मी एकदा काकुळतीने म्हणालो.

"तुमी टेका भाऊ. मले नाई जमत," त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मग मी तरी कसा टेकणार?

उपसरपंच रामदासभाऊंना हे सोसेना. भाऊ तालेवार माणूस, त्यांना सभेत चहा लागतो, पंखा लागतो, आणि पंख्याखाली चहा घेत दोन शब्द बोलायला लागतात. "हे काय पंचायत हाये का गुरं चारनं हाये?" असं ते हातपंपावर उभे राहून म्हणाले. मग त्यांनी बाकीच्या सदस्यांना धरून वर तक्रार केली: सरपंच कार्यालयात जागेवर सापडत नाहीत. झालं, पंचायत समितीतून विस्तार अधिकारी आले. तेही नेमके आले तेव्हा बाई तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, होत्या. साहेब संतापले. आठवडाभरात कधीही पुन्हा येईन, तेव्हा सरपंच खुर्चीत दिसल्या नाहीत तर पदावरून काढण्याचा प्रस्ताव पुढे पाठवीन, असं त्यांनी बजावलं.

यमुनाबाई घाबरल्या. मी त्यांना घाबरलेलं प्रथमच पाहिलं. गावात पाणी आणायचं त्यांच्या डोक्यात होतं, तलावापलीकडच्या टोलीतले, त्या छोट्या वस्तीतले, दिवे डोक्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, टॉवेल बाजूला केला आणि खुर्चीत बसल्या. त्या बसल्या म्हणण्यापेक्षा खुर्चीने त्यांना पकडून ठेवलं होतं म्हणावं. टेबलाखाली पाय हलत होते. लोक येत, त्या अर्ध्या उठत, मी डोळ्यांनी दाबत असे, त्या पुन्हा बसत. वामनला पाठवून नाली बघून घेतली, मला पाठवून पंप बघून घेतला. असे दिवस गेले. मला तर वाटायला लागलं की गावाचा कारभार मार्गी लागला.

आठवडा संपत आला त्या दुपारी साहेबांचा गाडीतून फोन आला की थोड्याच वेळात पोचतो. फोन ठेवतोय तोच दारात गिरजाबाई आल्या. टोलीच्या शेवटच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या. रानडुकरांनी त्यांच्या घराची मागची भिंत पाडली होती आणि तिकडे वाघाचा वावर होता. वामन सवयीने म्हणाला, "बाई, तुमी बाहेर बाकावर बसा. साहेब येऊन राह्यले, मंग पाहू."

गिरजाबाई बाकावर बसल्या. पाठ भिंतीला टेकली. डोळे मिटले.

यमुनाबाई उठल्या.

"बाई, साहेब येताहेत," मी म्हणालो.

"गेली खुर्ची तं जाऊ द्या. त्या बाईले बसवू नोका." आणि गिरजाबाईंचा हात धरून त्या निघाल्या. मी शिक्का चाचपत मागे. रोज आम्हाला धापा टाकायला लावणारी ही बाई आज म्हातारीच्या पावलाने चालत होती. तलावाच्या पाळीवर आल्यावर, माझ्याकडे न बघताच, त्या बोलू लागल्या.

"माये मालक त्याच बाकावर बसले होते भाऊ. तुमी नव्हते तवा, दुसरे साहेब होते. दवाखान्याच्या योजनेले रहिवासी दाखला लागत होता. छातीत दुखे त्याहिच्या. सारे म्हनत, बसा, सरपंच येऊन राह्यले. बसले. लोकं येजा करून राह्यले, कोनी म्हने झोप लागली असंन." थोडं चालून झालं. "मीच सकाळी सांगतलं होतं, दाखला घेतल्याबिगर उठजा नोका म्हनून. माया शब्द कधी मोडे नाई तो मानूस. उठलाच नाई."

मी खिशातली शाईची डबी घट्ट धरून चालत राहिलो.

खिशात फोन वाजला. साहेब कार्यालयात पोचले होते. "सरपंच कुठे आहेत?"

"साहेब, त्या टोलीत चालल्यात. तुम्ही या, मी पाळीवर उभा राहतो," मी म्हणालो.

साहेब आले, रामदासभाऊंना घेऊन आले. बोलायच्या तयारीनेच आले होते. पण गिरजाबाईंच्या घरात शिरल्यावर मागच्या भगदाडातून सरळ जंगल दिसत होतं, आणि भगदाडालगतच म्हातारीचं अंथरूण होतं. साहेब तिथेच थांबले. रामदासभाऊंनी पागोटं काढून हातात घेतलं. घरी बांबूचे तट्टे पडले आहेत, ते पाठवतो, असं ते हळूच म्हणाले. साहेब काहीच न लिहिता गाडीत बसले. अहवालात पुढे काय लिहिणार, ते मला अजून ठाऊक नाही. बाईंनी विचारलंही नाही.

त्या गिरजाबाईंचं अंथरूण गुंडाळत होत्या.

"भिंत होवस्तर माया घरी चाला, बाई."

"काऊन उगीच तरास तुले?" म्हातारी म्हणाली.

यमुनाबाईंनी अंथरूण काखेत मारलं. "तरास कायचा. घरी कोनी नाई. सांजच्याले दोन घास रांधतो, पन बोलाले कोनी नसते. तुमी असान तं मी बी घडीभर बसन."