संध्याकाळपर्यंतचं महायुद्ध

एका जंगलात काहीच घडत नव्हतं, मुलांनो. म्हणजे ऊन पडायचं, पाऊस पडायचा, कुणी कुणाला खायचं. पण बातमी म्हणावी असं काही नाही. त्यामुळे तिथल्या प्राण्यांना जगाची फार काळजी वाटायची.

तळ्याच्या बांधाला लागून एक जुना करंज होता. त्याच्या सावलीत रोज सकाळी सभा भरायची. सभेला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, आणि विषय एकच असायचा: जगाचं आता कसं होणार?

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आत्ता त्यांच्याकडे बघून हसू नका. ते ऐकताहेत.

त्या वेळी जगात मोठं भांडण पेटलं होतं. उत्तरेला बर्फाच्या जंगलात पांढरा लांडगा राज्य करायचा. समुद्रापलीकडच्या जंगलात तांबडा सिंह. दोघांच्या मध्ये एक टेकडी, आणि टेकडीवर बोराचं एक झाड. ते झाड कुणाचं, यावरून दोघं एकमेकांवर गुरगुरत होते. आता लांडगा बोरं खात नाही आणि सिंहही बोरं खात नाही, हे तुम्हाला कळतं. पण तुम्ही लहान आहात. राजकारण तुम्हाला कळायचं नाही.

करंजाखाली या भांडणाचे दोन पक्ष झाले होते. लांडगा पक्षाचे पुढारी होते धोंडोपंत रेडे. लांडग्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर खाल्लं असतं. पण तो लांब होता, म्हणून धोंडोपंतांना तो फार आवडायचा.

"राजा असावा तर असा!" ते म्हणायचे. "एकदा गुरगुरला की गुरगुरला. मागे घेणं नाही!"

सिंह पक्षाचे पुढारी होते विश्वासराव वानर. त्यांचा मेव्हणा एका जहाजावर चढून समुद्रापलीकडे गेला होता, आणि तिकडे सिंहाच्या दरबारात पंखा हलवायचा. त्यामुळे विश्वासरावांकडे आतली बातमी असायची. "आमचा मेव्हणा तिकडेच असतो हो," असं म्हणून ते बोलायला सुरुवात करायचे. एवढं म्हटलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा तिथला रिवाज होता.

आता एक गंमत सांगतो. हे दोघं आपापल्या राजाबद्दल बोलताना 'आपण' म्हणायचे. "काल आपण टेकडीच्या पायथ्याशी पोचलो," असं धोंडोपंत सांगायचे. काल ते दिवसभर चिखलात लोळत होते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असायचं. "पोचलात, पण आपण तुम्हाला वर चढू देणार नाही!" असं विश्वासराव म्हणायचे, आणि खाज आली म्हणून पाठ खाजवायचे.

तिसरे होते कोल्होबा. ते कुठल्याच पक्षात नव्हते. ते तटस्थ होते. तट म्हणजे काठ, एवढं तुम्हाला माहीत असेल. कोल्होबा खरोखरच तळ्याच्या काठावर बसून असायचे. दोन्ही बाजू ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि मधून मधून पाण्याकडे बघायचे.

पाण्याकडे का? कारण तळ्याच्या मध्यावर लव्हाळ्याचं बेट होतं, आणि त्या लव्हाळ्यात गोदाक्का पाणकोंबडीचं घरटं होतं. घरट्यात अंडी होती. आज-उद्या फुटतील, इतकी भरत आलेली. भोवती पाणी होतं म्हणून अंडी सुखरूप होती, कारण कोल्होबांना पाय भिजवायचा मनापासून कंटाळा.

आणि नेमकं तेव्हाच बांधाला भोक पडलं. खेकड्यांनी पाडलं असं सगळे म्हणत. खेकड्यांना कुणी विचारलं नाही. पाणी त्या भोकातून बाहेर जाऊ लागलं, तळं आकसू लागलं, आणि कोल्होबा रोज थोडे थोडे पुढे सरकून बसू लागले. तटस्थच, पण पुढे.

गोदाक्काचा जीव टांगणीला लागला. चोचीत चिखल घेऊन तिने भोकात घालून पाहिला. एवढीशी चोच आणि एवढाले लोट, कसा टिकणार? घातलेला चिखल पाण्याबरोबर भुर्रकन जायचा. शेवटी ती धापा टाकत करंजाखाली आली.

"धोंडोपंत भावोजी," ती म्हणाली, "बांध गळतोय हो. तुम्ही दांडगे, तुमच्या चार शिंगभर चिखलात काम होईल. चला ना जरा!"

"कुठला बांध?" धोंडोपंतांनी विचारलं.

"हा काय, तुमच्या मागचा!"

धोंडोपंतांनी मागे वळून पाहिलं नाही. "अक्का, तिकडे महायुद्ध पेटायची वेळ आलीय, आणि तुम्ही तुमचा बांध घेऊन बसलात?"

"तुमचा बांध?" गोदाक्का म्हणाली. "अहो, पाणी तुम्हीही तिथंच पिता!"

"स्थानिक प्रश्न आहे," विश्वासराव म्हणाले. "स्थानिक पातळीवर सोडवा. आमचा मेव्हणा तिकडे असतो, तो सांगतो, तिकडे सगळं स्थानिक पातळीवरच सोडवतात."

"मी तर तटस्थ आहे," कोल्होबा म्हणाले. "तळ्यानं भरावं का आटावं, हा तळ्याचा अंतर्गत प्रश्न आहे." आणि ते आणखी थोडे पुढे सरकले.

गोदाक्काला रडू आलं. खरंच आलं. ती करंजाच्या मुळाशी बसून हमसून हमसून रडली, आणि सभा पुढे चालू झाली.

त्या दिवशी सभा जरा जास्तच तापली. धोंडोपंत म्हणाले, सिंहाची आयाळ खोटी आहे. विश्वासराव म्हणाले, लांडगा आतून कोल्हा आहे. कोल्होबांनी निषेध नोंदवला. धोंडोपंतांनी मग विश्वासरावांच्या मेव्हण्याचाच विषय काढला. तो पंखा हलवत नाही, सिंहाच्या उवा काढतो, असं ते म्हणाले.

विश्वासराव ताडकन उठले. "धोंडोपंत, वैचारिक बोला! ही चिखलफेक बंद करा!"

आता धोंडोपंत म्हणजे रेडा. शब्द ऐकला की तो जसा आहे तसाच त्यांना ऐकू यायचा. त्यांनी आपले खूर पाहिले. ते स्वच्छ होते.

"मी चिखल फेकला?" त्यांनी विचारलं.

"फेकलात! सगळ्यांनी ऐकलंय!"

"मी फेकलेला नाही."

"फेकलात, फेकलात, फेकलात!"

"बरं," धोंडोपंत म्हणाले. "फेकला म्हणताच आहात, तर मग फेकतोच."

ते तरातरा बांधाखाली उतरले. तळं आटल्यामुळे तिथे चिखलाला काय तोटा! त्यांनी शिंगं चिखलात खुपसली आणि मोठा लपका विश्वासरावांवर भिरकावला. विश्वासराव बांधावर होते. ते वानर होते, टुणकन बाजूला झाले. लपका बांधाच्या कुशीत थप्पकन बसला.

गोदाक्काने डोळे पुसले. कारण पाण्याचा खळखळाट किंचित कमी झाला होता.

ती उठली. थेट विश्वासरावांकडे गेली. "विश्वासराव," ती म्हणाली, "बरोबर आहे हो तुमचं. पण तुम्ही इथं उभे राहून बोला. इथून मुद्दा नीट पोचतो." आणि तिने त्यांना बरोब्बर भोकाच्या वर उभं केलं.

मग ती धोंडोपंतांकडे गेली. "भावोजी, ते म्हणताहेत लांडग्याचा नेम चुकतो."

"लांडग्याचा? आपला नेम चुकतो?" धोंडोपंत ओरडले, आणि त्यांनी आणखी मोठा लपका उचलला.

झालं! लांडगा पक्षाची रानडुकरं धोंडोपंतांच्या मदतीला उतरली. सिंह पक्षाच्या वानरांनीही चिखल उचलला. डुकरं खालून वर फेकायची, वानरं वरून खाली फेकायची. विश्वासराव उड्या मारून चुकवायचे, आणि सगळा चिखल बांधात जाऊन बसायचा. धोंडोपंतांना मुद्दा मांडताना पाय आपटायची सवय होती. "भावोजी, जरा वर येऊन आपटा," गोदाक्का म्हणायची, "तिथून ऐकू येत नाही." ते वर येऊन आपटायचे, आणि चिखल चांगला दाबून बसायचा.

कोल्होबांच्या लक्षात आलं, पण उशिरा. "मित्रहो!" ते म्हणाले. "चर्चेतून मार्ग काढू या! शांतता नांदू द्या!"

एक लपका त्यांच्या तोंडावर बसला. कुठल्या पक्षाचा होता, ते कळलं नाही.

दुपारपर्यंत भोक अर्धं बुजलं. आणि नेमक्या त्याच वेळी आकाशातून थापट्याबाई उतरल्या.

थापट्याबाई म्हणजे थापट्या जातीची एक बदकीण. दरवर्षी उत्तरेहून यायच्या आणि जगाच्या बातम्या आणायच्या. नावात थाप असली तरी आयुष्यात त्यांनी कधी थाप मारली नव्हती. त्या लव्हाळ्याच्या बेटावर उतरल्या, पंख झटकले, आणि म्हणाल्या, "अगोबाई, हे काय चाललंय?"

"महायुद्ध," गोदाक्का म्हणाली. "तुमच्याकडचंच."

"पण ते तर मिटलं!" थापट्याबाई म्हणाल्या. "लांडग्याच्या मुलाला सिंहाचा पुतण्या भेटला, दोघांनी बोराचं झाड तोडून टाकलं, आणि आता मेजवान्या चालल्यात. शांतता झाली! थांबा, सांगून येते सगळ्यांना."

गोदाक्काने झटकन हिशेब केला. शांतता झाली असं कळलं की चिखलफेक थांबणार. चिखलफेक थांबली की अर्धं भोक तसंच राहणार. मग सकाळपर्यंत तळं रिकामं होणार, आणि कोल्होबा चालत घरट्यापाशी येणार.

"बाई, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली. "आज सांगू नका. संध्याकाळपर्यंत तेवढं महायुद्ध चालू राहू द्या!"

"मी खोटं बोलत नाही," थापट्याबाई म्हणाल्या. "आमच्या घराण्यात ते नाही."

"खोटं बोला कुठं म्हणते मी? पण एवढ्या लांबून आलात, दारातून उपाशी जाणार? माझ्या घरट्याला काय वाटेल? जेवा, आणि मग सांगा."

हे मात्र थापट्याबाईंना पटलं. हजारो कोस उडून आल्या होत्या, भूक सपाटून लागली होती. गोदाक्काने त्यांना लव्हाळ्यावर बसवलं आणि वाढायला सुरुवात केली. गोगलगाई वाढल्या. पाणकिडे वाढले. शेवाळ वाढलं. थापट्याबाई "पुरे" म्हणाल्या, तेव्हा गोदाक्काने "एकच" म्हणून तीन गोगलगाई वाढल्या.

"अहो, पुरे!"

"मी केलेलं आवडलं नाही का?"

"छे, छे! फारच छान!"

"मग एवढं घ्याच. माझी शपथ आहे."

शपथ घातल्यावर काय करणार? थापट्याबाईंनी घेतलं. मुलांनो, आपल्याकडे आग्रहापुढे भलेभले राजे टिकले नाहीत, तिथे एक बदक काय टिकणार!

तेवढ्यात कोल्होबांनी पाण्याच्या काठाशी येऊन हाक मारली. चेहरा अजून चिखलाने माखलेला होता. "काय हो थापट्याबाई! उत्तरेकडची काय खबर? शांततेची काही चिन्हं?"

थापट्याबाईंनी चोच उघडली. चोचीत गोगलगाय होती.

"जेवताना बोलू नये," गोदाक्का पटकन म्हणाली.

"अं," थापट्याबाईंनी मान डोलावली. त्यांच्याकडेही तोच नियम होता. आणि गोदाक्काने पुन्हा वाढलं.

असं करता करता ऊन कललं. थापट्याबाईंना जेवल्यावर जी सुस्ती आली, ती आलीच. त्यांना एक डुलकी लागली. तिकडे बांधावर रेडा, रानडुकरं आणि वानरं शेवटचा जोर लावून एकमेकांचा निषेध करत होती. सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा भोकातून थेंबसुद्धा येत नव्हता. वरच्या ओढ्याचं पाणी येत होतंच, ते आता साठू लागलं.

थापट्याबाई जाग्या झाल्या, बांधावर गेल्या, आणि त्यांनी सगळ्यांना शांततेची बातमी सांगितली.

एकदम सगळं थांबलं. धोंडोपंतांच्या शिंगांत चिखल तसाच राहिला.

"शांतता?" ते म्हणाले. "आपल्याला न विचारता?"

"मेव्हण्यानं मला काहीच कळवलं नाही!" विश्वासराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

दोघांना इतकं वाईट वाटलं की ते शेजारी शेजारी बसले. लांडगा विकला गेला, असं धोंडोपंतांनी कबूल केलं. सिंहही विकला गेला, असं विश्वासरावांनी कबूल केलं. मग दोघांनी मिळून शांततेच्या निषेधाचा ठराव मांडला, आणि तो एकमताने मंजूर झाला. कोल्होबा तटस्थ राहिले. बुडाखाली पाणी आल्यामुळे ते चार पावलं मागे सरकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्काची अंडी फुटली. काळी काळी पिल्लं आईच्या मागून भरल्या तळ्यात पोहत पोहत बांधापाशी आली. गोदाक्काला इतका आनंद झाला होता की ती वाटेत भेटेल त्याला थांबवून पिल्लं दाखवत होती.

करंजाखाली धोंडोपंत बसले होते. जगात शांतता झाल्यामुळे त्यांना करायला काही उरलं नव्हतं. नवे चेहरे पाहून ते लगबगीने पाण्याशी आले.

"काय, नवीन दिसता?" त्यांनी पहिल्या पिल्लाला विचारलं. "बाहेरून आलात वाटतं? तिकडे काय परिस्थिती आहे?"

पिल्लू नुकतंच अंड्यातून आलं होतं. त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"अंधार होता," ते म्हणालं. "जागा फार कमी होती. सगळे एकमेकांना चिकटून होते. मग भिंत फोडावी लागली."

धोंडोपंतांचे डोळे चमकले. "विश्वासराव!" ते ओरडले. "अहो विश्वासराव, लवकर या! मी म्हणत नव्हतो?"

तात्पर्य: जगात शांतता व्हावी, असं प्रत्येकाला वाटलं पाहिजे. पण ती दारात आली की लगेच गावभर करू नये. आधी तिला बसवावं, पोटभर वाढावं, शपथ घालून आणखी वाढावं, आणि तेवढ्या वेळात आपला बांध बुजवून घ्यावा.